सात मिनिटं ठेवलेली काच

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते म्हणजे रेशन कार्डाचे फॉर्म, शाळेच्या दाखल्यांचे अर्ज आणि बाबांच्या रजेच्या चिठ्ठ्या. त्याही सातवीपासून मीच लिहीत आलो. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला, त्यामुळे चार शब्द जुळवता येतात, पण पुस्तकातल्यासारखं लिहिता येतं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना विचारलेलंही नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. तरी लिहितोय, कारण जे घडलं ते ज्या वहीत लिहायला हवं होतं तिथे मी दुसरंच काहीतरी लिहून ठेवलं.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सहा महिने एखाद्या प्रयोगशाळेत काम करून प्रबंध द्यावा लागतो. मला मुलुंडमधली एक लहान संशोधन संस्था मिळाली. आम्ही भांडुपला डोंगरावर राहतो. बाबा एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. सकाळी दोघंही एकाच बसथांब्यावर उभे असायचो. तिथे त्यांच्या ओळखीचा कुणी भेटला की ते म्हणायचे, "ह्यो आमचो डॉक्टर होतलो." मी दर वेळी सांगायचो, की हे ते डॉक्टर नाहीत. ते दर वेळी मान हलवायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायचे.

संस्थेत मला जिच्या हाताखाली काम करायचं होतं ती माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी होती. पीएचडी करत होती. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम म्हटलंस तर फॉर्मालिनमध्ये बुडवीन. ताई म्हण, आणि अहोजाहो नको." तेव्हापासून ती माझी ताई. मला ती 'वैज्ञानिक' म्हणायची. "ए वैज्ञानिक, चहा आण." "ए वैज्ञानिक, हातमोजे घालून नाक खाजवतात काय रे?"

ताईचं काम समजायला फार अवघड नाही. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर पांढरी, गुळगुळीत अशी एक गादी असते. ती कूर्चा. ती झिजली की परत वाढत नाही, आणि मग लोक जिना उतरताना भिंत धरू लागतात. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत जो झिजलेला भाग काढून टाकतात, त्यातले तुकडे रुग्णांच्या संमतीने ताई हॉस्पिटलमधून आणायची. त्यातल्या पेशी वेगळ्या करून जेलच्या बारीक मण्यांमध्ये वाढवायची. प्रश्न एकच होता. त्या पेशी मण्यांच्या आत खरी कूर्चा तयार करतात का? खऱ्या कूर्चेत टाइप टू नावाचं कोलॅजन असतं. जखम भरल्यावर जो व्रण राहतो त्यातही कोलॅजनच असतं, पण टाइप वन. नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दोन्हींतला फरक कळत नाही. त्यासाठी अँटिबॉडी लागते. फक्त टाइप टूलाच जाऊन चिकटेल, बाकी कशाला हात लावणार नाही, अशी. ती चिकटली, की पुढच्या रसायनाने तिथे तपकिरी रंग येतो. तपकिरी दिसलं तर ताईची पाच वर्षं खरी. नाही दिसलं तर तिने मण्यांत नुसता व्रण वाढवला होता.

तिची शिष्यवृत्ती संपली होती. नोंदणीला एकदा मुदतवाढ मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. हे तिने मला कधी रडून सांगितलं नाही. फ्रीजच्या दारावर तिने एक कॅलेंडर चिकटवलं होतं आणि त्यावर एका तारखेला लाल पेनाने गोल केला होता. त्याखाली लिहिलं होतं, 'नंतर फक्त लग्नाच्या पंगती.'

अँटिबॉडी परदेशातून यायची होती. मागवून पाच महिने झाले होते. आधी ऑर्डरच्या कागदात चूक निघाली, मग कस्टममध्ये अडकली. ती आली त्या दिवशी शनिवार होता. ताई नमुने आणायला हॉस्पिटलमध्ये गेली होती आणि सर, म्हणजे आमचे दोघांचे मार्गदर्शक, कुठल्याशा बैठकीला. कुरियरवाल्याच्या कागदावर मीच सही केली. थर्माकोलचा खोका उघडला तर आतल्या बर्फाच्या पिशव्या पार वितळून कोमट झालेल्या. मध्ये करंगळीच्या पेराएवढी कुपी. तिच्यात दोन-तीन थेंब. मी घाबरलो. एवढी महागाची वस्तू उन्हात खराब झाली की काय असं वाटलं.

आता जे सांगतो ते वाचून हसू येईल. आमच्या घरी फ्रीज आला तेव्हा मी आठवीत होतो. आईने त्या दिवसापासून एक रीत ठरवली. बांगडा खालच्या कप्प्यात चालतो, पण सुरमई आणली तर ती वर, बर्फातच. जे महागाचं आणि जपायचं, ते सगळ्यात थंड जागी. माझ्या डोक्यात थंडीविषयी एवढंच ज्ञान पक्कं बसलेलं होतं. पुस्तकं मी वाचली होती, प्रथिनं गोठवल्यावर काय होतं हे परीक्षेत लिहिलंही होतं. पण हात घाबरला की तो घरात शिकलेलं करतो. मी कुपी उणे वीस अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली, दार नीट लावलं आणि सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेलो. सोमवारी सुट्टी होती.

मंगळवारी लवकर पोचलो. खोक्यात एक घडी घातलेला कागद राहिला होता. तो उघडून वाचला. बारीक इंग्रजी अक्षरांत सगळं होतं आणि त्यात एकच ओळ ठळक: दोन ते आठ अंशांत ठेवावे, गोठवू नये. मी कुपी बाहेर काढली. आतलं पांढरं गोठलेलं द्रावण नखाएवढंही नव्हतं. तळहातावर धरून ते वितळू दिलं. पुन्हा पारदर्शक दिसू लागलं, अगदी आधीसारखं. मग खालच्या साध्या फ्रीजमध्ये ठेवलं.

ताई आली ती ओरडतच. "आली? आली रे? दाखव!" कुपी उजेडाकडे धरून बघत राहिली. "एवढीशी? हिच्यासाठी मी पाच महिने कस्टमवाल्यांच्या नावाने खडे फोडले?" मग सहज विचारलं, "कुठे ठेवली होतीस?"

"फ्रीजमध्ये."

"शाब्बास, वैज्ञानिक."

तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? ताई दोन शिव्या घालून बसली असती. सर ओरडले असते. माझ्या हातून काम गेलं असतं, कदाचित. आदल्या आठवड्यातच माझ्याकडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे चार पातळ काप फाटले होते आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अरे, पापड आहे काय तो?" त्यावर हसणारी बाकीची मुलं अशा घरांतून आलेली होती, जिथे काप फाटला तर फाटला. मला वाटायचं, माझ्याकडून एक जरी गोष्ट बिघडली तरी ते म्हणतील, हा इथला नाहीच.

रंग देण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा प्रबंधच त्या पद्धतीवर होता. ताईने मणी मेणाच्या ठोकळ्यांत बसवलेले. त्यातून कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, वर पातळ केलेल्या अँटिबॉडीचा थेंब सोडायचा. तो सुकू नये म्हणून मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओला टिश्यू पेपर घालून त्यात काचा रात्रभर ठेवायच्या. आमच्या डब्यावर अजून ढोकळ्याचं लेबल होतं. दुसऱ्या दिवशी धुऊन रंगाचं रसायन घालायचं आणि बरोबर दोन मिनिटांनी थांबवायचं. सगळ्या काचांना तेवढीच मिनिटं, हा नियम. आणि दर वेळी सोबत एक कंट्रोल, म्हणजे जिच्यात टाइप टू नक्कीच आहे अशी खरी कूर्चा. कंट्रोल तपकिरी झाला, तरच बाकीच्या काचांवर विश्वास ठेवायचा.

कंट्रोल आणायला मी आमच्या भांडुपच्या मटणवाल्याकडे गेलो.

"अर्धा किलो?"

"नको, फक्त गुडघा द्या. सांधा न फोडता."

"सूप काय?"

"नाय, कॉलेजला."

त्याने सुरा खाली ठेवला. "बकऱ्याचे गुडघे बदलायला लागले काय आता? मेलेला बकरा चालून काय करणार रे? त्यापेक्षा माझ्या बापाचा बदल, चार वर्षं खाटेवर बसून शिव्या घालतोय." दुकानातले सगळे हसले. पैसे घेतले नाहीत त्याने. म्हणाला, "शिक, शिक."

त्या गुडघ्याची कूर्चा ब्लेडने तासून मी काप तयार केले. पहिल्या वेळी दोन मिनिटं झाली आणि कंट्रोलच्या काचेकडे पाहिलं. रंग आला होता, पण फिकट. चहाचा डाग धुतल्यावर राहतो तेवढाच. खोक्यातल्या कागदावरच्या चित्रात तर गडद चॉकलेटी दिसत होतं. मला दोन गोष्टी एकदम सुचल्या. एक, गोठवल्यामुळे अँटिबॉडी कमजोर झाली. दोन, माझ्या हातात काहीतरी खोट आहे. दोन्हींपैकी कुठलीही सांगायची तर आधी तोंड उघडावं लागणार होतं.

ताई शेजारच्या खोलीत पेशींना खाद्य बदलत होती. मी ताईच्या काचा दोन मिनिटांनी थांबवल्या. कंट्रोलची काच तशीच ठेवली. तीन, चार, पाच. सात मिनिटांनी ती चित्रातल्यासारखी गडद झाली. आजूबाजूची रिकामी काचही थोडी मळकट झाली होती, पण फोटो काढताना मी तेवढा भाग बाहेर ठेवला. वहीत लिहिलं: कंट्रोल, दोन मिनिटं.

ताईच्या काचांवर तपकिरी काहीच नव्हतं. दुसऱ्या एका रंगाने निळी केलेली पेशींची केंद्रकं, आणि त्यांच्याभोवती काहीच नाही.

सर आले. "कंट्रोल कसा आला?"

"चांगला आला, सर."

त्यांनी संगणकावरचा फोटो पाहिला. "झकास. मग अँटिबॉडी चालतेय." आणि ताईकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा करून बघू."

पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. दर वेळी ताईच्या काचांना दोन मिनिटं आणि माझ्या कंट्रोलला सात. एकदा सगळे जेवायला गेले असताना मी ताईची एक काच गुपचूप सात मिनिटं ठेवून पाहिली. सगळंच मळकट झालं, आतलं काय आणि बाहेरचं काय, काही सांगता येईना. ती काच मी फोडून टाकली. खऱ्या कूर्चेत टाइप टू खच्चून भरलेलं असतं, म्हणून कमजोर अँटिबॉडीलाही ते सापडत होतं. ताईच्या मण्यांत ते असलंच तर अगदी थोडं, नव्याने तयार झालेलं. ते शोधायला धडधाकट अँटिबॉडी हवी होती. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल.

तिसऱ्या वेळेनंतर कुपी संपली. नवीन यायची तर पुन्हा तितकेच महिने, आणि कॅलेंडरवरचा लाल गोल सहा आठवड्यांवर आला होता. ताई सरांना सारखी विचारायची, "सर, कंट्रोल नक्की बरोबर होता ना?" सर म्हणायचे, "फोटो तूच बघ." ती बघायची. एका दुपारी सर तिला केबिनमध्ये घेऊन बसले. बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, "संपलं रे. मुख्य प्रकरणच गेलं. उरलेल्यावर प्रबंध होत नाही."

तिने दोन दिवसांत टेबल रिकामं केलं. मेणाचे बारा ठोकळे मात्र संस्थेचे, ते एका डब्यात घालून कपाटात ठेवले. प्रत्येकावर तिचं बारीक अक्षर, पेन्सिलने. मी डबा धरून उभा होतो. माझ्या तोंडावर काय दिसत होतं कोण जाणे. ती म्हणाली, "ए वैज्ञानिक, तू का सुतकी चेहरा केलायस? तुझं काम चोख झालंय. कंट्रोल मस्त आला होता. माझ्याच पेशींत दम नव्हता."

मी म्हटलं, "ताई..."

"काय?"

"काही नाही."

माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच फोटो मोठा करून बघितला. म्हणाले, रंग फार स्वच्छ आलाय. मला वरच्या श्रेणीत गुण मिळाले. बाबांनी कारखान्यात पेढे वाटले. ताई नाशिकला आपल्या भावाकडे गेल्याचं आणि तिथे एका औषध कंपनीच्या कार्यालयात कागदपत्रांच्या कामाला लागल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं.

मला घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी मिळाली. तिथे रोज सकाळी पहिलं काम कंट्रोलचं. ठरलेल्या नमुन्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेत यायला हवा, त्याशिवाय एकाही रुग्णाचं रक्त मशीनवर चढत नाही. एका सकाळी कंट्रोल जरासा बाहेर गेला. बाहेर उपाशी पोटी आलेले लोक चिडलेले. मी म्हटलं, थोडाच फरक आहे, घेऊया का? माझ्यासोबतचा टेक्निशियन बारावीनंतर डिप्लोमा केलेला माणूस. तो म्हणाला, "येडा झालास काय? बाहेर कुणाची तरी आई बसलीय." आणि बाहेर जाऊन त्याने सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. एक तास. मी आत उभा राहून त्या ऐकल्या.

त्या दिवशी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. अँटिबॉडी वगैरे तिला किती कळलं ठाऊक नाही, पण तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, "तिका सांगितलंस?"

"नाय."

"मगे माका कित्याक सांगतंस?"

पुढच्या सुट्टीला मी सरांकडे गेलो. उभ्यानेच सांगितलं.

"सात मिनिटं?"

"हो, सर."

"आणि वहीत?"

"दोन."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "ती मला सारखी विचारत होती. आणि मी एकदाही मूळ काच मागितली नाही. फोटो बघितला." मग उठून त्यांनी कपाट उघडलं. ठोकळ्यांचा डबा होता. "नवीन कुपी मागवतो. वेळ लागेल. तुला इथे हात लावू देणार नाही, समजलं ना?" मी हो म्हटलं. "तिला मी कळवू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही सर, मी कळवतो."

फोन करायचं धाडस झालं नाही, हेही कबूल करतो. मेसेज लिहिला. फ्रीजरपासून सातव्या मिनिटापर्यंत सगळं, काही न गाळता. माफी शेवटी एकदाच मागितली, कारण जास्त वेळा मागितली तर ती तिलाच समजूत काढायला लावल्यासारखं होईल असं वाटलं. दुपारी पाठवला. तिने लगेच पाहिल्याच्या खुणा दिसल्या. उत्तर संध्याकाळी आलं. एकच शब्द होता: 'वाचलं.' त्यानंतर काही नाही.

मी वाट बघत राहिलो. मनातल्या मनात मी काय मागत होतो ते सांगायला लाज वाटते. मी मागत होतो, की नव्या अँटिबॉडीनेही त्या काचांवर काही दिसू नये. निळी केंद्रकं, आणि त्यांच्याभोवती काही नाही. मग मी खोटारडा राहिलो असतो, पण तिचं वाटोळं करणारा नाही. एखाद्याची पाच वर्षं वाया गेली असावीत अशी प्रार्थना मी सात महिने केली.

परवा दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. सरांकडे आता माझं रंगाचं काम करणारी मुलगी बोलत होती. पीएचडीला नुकतीच लागली आहे. मला ती दादा म्हणते. म्हणाली, "दादा, सरांनी तुला कळवायला सांगितलंय. कुपी गेल्या आठवड्यात आली. कंट्रोल दोन मिनिटांच्या आतच गडद झाला."

"आणि बाकीच्या?"

"बारापैकी नऊ ठोकळ्यांत रंग आलाय. मण्यांच्या मधोमध, पेशींच्या भोवती कडी केल्यासारखा. दोनदा करून बघितलं. सरांनी मूळ काचा बघितल्या."

समोर रक्ताच्या नळ्यांचा स्टँड होता. तो मी दोन्ही हातांनी धरला. विचारलं, "ताईला सांगितलं?"

"सरांनीच फोन केला होता. त्यांची नोंदणी रद्द झालीये ना, सर विद्यापीठात दोनदा जाऊन आले, पण ती परत उघडत नाही म्हणे." मग हळूच, जणू माझीच परवानगी मागत असल्यासारखी म्हणाली, "सर म्हणतात, हे प्रकरण आता माझ्या प्रबंधात घ्यायचं. ताईंना विचारलं त्यांनी. त्या हो म्हणाल्या."